बत्तीस पौंडी गोळा आणि मधले अंतर

१/
फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या तरुणाने एका रविवारी रात्री संगणकावरच्या शिडाच्या जहाजांच्या खेळात आपले फ्रिगेट गमावले. जहाज सज्ज करताना त्याने तोफांचा तक्ता बारकाईने पाहिला होता. पल्ला, तोफ पुन्हा भरण्यास लागणारा वेळ, तोफेचे वजन आणि गोळ्याचे वजन असे त्यात रकाने होते. शेवटच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा ज्या तोफेपुढे दिसला, ती बत्तीस पौंडी आखूड तोफ त्याने जहाजभर बसवली. प्रतिस्पर्ध्याकडे अठरा पौंडी तोफा होत्या. तरीही बुडाला तो हाच, आणि त्याचा एकही गोळा समोरच्या जहाजापर्यंत पोहोचला नव्हता.

२/
खेळ सदोष आहे, असे त्याचे पहिले मत झाले. बत्तीस हा आकडा अठरापेक्षा मोठा असताना पराभव व्हावा कसा? रागाच्या भरात तो कॅरोनेड या आखूड तोफेचा इतिहास वाचू लागला आणि पहाटेपर्यंत वाचतच राहिला. हीच चूक दोनशे वर्षांपूर्वी एका खऱ्या नौदलाने केली होती, आणि तिथे हरलेला डाव पुन्हा मांडण्याची सोय नव्हती. हा थ्रेड त्या आकड्याविषयी आहे.

३/
प्रथम आकडा समजून घेऊ. बत्तीस पौंड म्हणजे सुमारे साडेचौदा किलो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू भरतात. साधारण तेवढेच वजन एका भरीव लोखंडी गोळ्यात असे. गोळ्याचा व्यास मात्र साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या पपनसाएवढा. बारा पौंडी गोळ्याचा व्यास सुमारे अकरा सेंटिमीटर. व्यास दीडपटही वाढत नाही, पण वजन अडीचपटीहून अधिक होते, कारण वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डोळ्यांना किरकोळ वाटणारा फरक तराजूत प्रचंड ठरतो, तो असा.

४/
म्हणूनच त्या काळी युरोपीय तोफांची ओळख गोळ्याच्या वजनावरून सांगितली जाई: बारा पौंडी, अठरा पौंडी, चोवीस पौंडी. एका बाजूच्या सर्व तोफांतून एका वेळी सुटणाऱ्या गोळ्यांच्या वजनाची बेरीज म्हणजे त्या जहाजाची ब्रॉडसाइड. दोन जहाजांची तुलना करायची तर या बेरजा शेजारी शेजारी मांडत. आजच्या खेळातला रकाना कुणा प्रोग्रॅमरच्या डोक्यातून निघालेला नाही. नौदलांनी तो आधीच आखून ठेवला होता.

५/
या रकान्यातही खाचखळगे होते. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड होता. त्यामुळे फ्रेंचांचा छत्तीस पौंडी गोळा इंग्रजी मापात जवळजवळ एकोणचाळीस पौंडांचा भरे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८२ साली १८१२च्या युद्धाचा नौदलीय इतिहास प्रसिद्ध केला. ब्रॉडसाइडांची तुलना करताना त्यांना अमेरिकन गोळे नावापेक्षा हलके आढळले. त्यांनी ही तूट सुमारे ७ टक्के धरली आणि अमेरिकन जहाजांच्या बेरजेतून ती वजा केली. चोवीस पौंडी म्हणवणारा गोळा प्रत्यक्षात चोवीस पौंडांचा असेलच, याची खात्री नव्हती.

६/
पण वजनाला एवढे महत्त्व का आले? याचे शास्त्रीय उत्तर देणाऱ्यांत बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती अग्रभागी होता. १७४२ साली तोफशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने टांगत्या लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजण्याची रीत मांडली. हवा वेगवान गोळ्याला किती जबरदस्त अडवते, हे त्या प्रयोगांतून उघड झाले. दुप्पट व्यासाच्या गोळ्याचे वजन आठपट होते, पण हवेला सामोरे जाणारे त्याचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणून समान वेगाने निघालेल्या दोन गोळ्यांपैकी जड गोळा आपला वेग अधिक काळ टिकवतो.

७/
१७४७ साली रॉबिन्सने ब्रिटिश नौदलासाठी एक प्रस्ताव छापला. तोफा आहेत तेवढ्याच जड ठेवून त्यांतून अधिक जड गोळे फेकता येतील अशा त्या ओताव्यात, असा त्याचा आशय होता. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची कामे पाहण्यासाठी तो भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याचा विचार मात्र स्कॉटलंडमधल्या कॅरन कंपनीच्या भट्टीत, वेगळ्या रूपात, आकाराला आला.

८/
कॅरन कंपनीची ही तोफ म्हणजे कॅरोनेड. १७७९पासून ती ब्रिटिश नौदलात दिसू लागली. नळी आखूड, भिंत पातळ, दारू थोडी. लांब तोफेत गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत दारू घालत; कॅरोनेडला साधारण बाराव्या हिश्श्याएवढी पुरे. बत्तीस पौंडी लांब तोफ पावणेतीन टनांच्या घरात, तर बत्तीस पौंडी कॅरोनेड टनाच्याही आत. माणसे कमी लागत आणि तोफ लवकर भरून होई. लहान जहाजावर मोठ्या जहाजाचा गोळा चढवण्याची युक्ती सापडली होती.

९/
या युक्तीची एक किंमत होती आणि ती वेगात चुकवावी लागे. गोळ्याचे वजन दुप्पट केले तर त्याची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. थोड्या दारूचा कॅरोनेड गोळा संथ निघे. जवळून मारला तर तो जहाजाची लाकडी भिंत फोडून फळ्यांच्या ढलप्या उडवी, आणि त्या ढलप्यांनीच माणसे अधिक जायबंदी होत. दूरवर मात्र तो पाण्यात पडे. तक्त्यातल्या वजनाच्या रकान्यात यातले काहीच दिसत नाही.

१०/
प्रारंभी तर या आकड्याने चमत्कार केला. ब्रिटिशांनी ‘रेनबो’ या जुन्या ४४ तोफांच्या जहाजावर सगळीकडे कॅरोनेड बसवल्या. तिची ब्रॉडसाइड ३१८ पौंडांवरून १,२३८ पौंडांवर गेली. ४ सप्टेंबर १७८२ रोजी तिची गाठ ‘एब’ या नव्या फ्रेंच फ्रिगेटशी पडली. पाठलाग करताना रेनबोने पुढच्या टोकावरून बत्तीस पौंडी गोळे टाकले. नुसत्या टोकावर एवढा जड गोळा असेल तर बाजूला काय असेल, असा विचार करून फ्रेंच कप्तानाने समोरचे जहाज युद्धपंक्तीतले बलाढ्य जहाज मानले आणि फारसे न लढता निशाण उतरवले. तो गोळ्यापेक्षा गोळ्याच्या वजनाला अधिक भ्याला होता.

११/
असे यश मिळाल्यावर मोह आवरत नाही. अमेरिकेत ‘एसेक्स’ नावाचे एक फ्रिगेट होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एसेक्स परगण्याच्या लोकांनी वर्गणी काढून १७९९ साली ते सेलममध्ये बांधले. मूळ जहाजाच्या मुख्य डेकवर २६ लांब बारा पौंडी तोफा होत्या. पुढे नौदलाने त्यांतल्या बहुतेक काढून कॅरोनेड बसवल्या. शेवटी जहाजावर ४० बत्तीस पौंडी कॅरोनेड आणि केवळ ६ लांब बारा पौंडी तोफा उरल्या.

१२/
बेरीज करून पाहावी. एका बाजूला २० कॅरोनेड, म्हणजे ६४० पौंड. त्यात तीन बारा पौंडी, म्हणजे आणखी ३६. एकूण ६७६ पौंड. मूळच्या १३ बारा पौंडी तोफांची बेरीज जेमतेम १५६ होती. बंदरातल्या कचेरीत बसलेल्या कुणालाही हा बदल शहाणपणाचा वाटावा. रविवारच्या त्या रात्री तरुणाने नेमकी हीच बेरीज केली होती.

१३/
कप्तान डेव्हिड पोर्टर यांना मात्र ती पटली नव्हती. १८११ साली जहाज हाती आल्यावर त्यांनी नौदल सचिवांना लेखी तक्रार केली. कॅरोनेड अजून पुरती पारखलेली नाही, देशाच्या निशाणाची लाज सर्वस्वी तिच्यावर सोपवणे उचित नाही, असा त्यांचा सूर होता. लांब तोफा परत मिळाव्यात ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. पुढच्या वर्षी युद्ध पेटले आणि पोर्टर आहे त्या तोफांनिशी समुद्रावर गेले.

१४/
१८१३च्या आरंभी केप हॉर्नला वळसा घालून एसेक्स प्रशांत महासागरात शिरले. तिथे त्याने डझनभर ब्रिटिश व्हेलमारी जहाजे पकडली. त्या जहाजांवर मोठ्या तोफा नसत, म्हणून तक्रारीचे कारण कुठे दिसले नाही. शेवटी ब्रिटिशांनी ‘फीबी’ हे फ्रिगेट आणि ‘चेरब’ हे लहान युद्धजहाज त्याच्या शोधात पाठवले. फेब्रुवारी १८१४मध्ये चिलीच्या वाल्परायसो बंदरात त्यांनी त्याला गाठले.

१५/
बंदर तटस्थ होते. ८ फेब्रुवारीला फीबी एसेक्सच्या इतके जवळ आले की दोन्ही कप्तान एकमेकांशी बोलू शकले. पोर्टर यांचे लोक तोफांपाशी सज्ज उभे होते. त्या अंतरावर ६७६ पौंड लोखंड सुटले असते तर फीबीची दशा काय झाली असती, हे दोघांनाही कळत होते. फीबीचे कप्तान जेम्स हिलयार यांनी लढण्याचा हेतू नसल्याचे सांगितले आणि पोर्टर यांनी बंदराची तटस्थता मानून तोफा डागल्या नाहीत. त्या क्षणी वजनाचा रकाना शब्दशः खरा होता.

१६/
२८ मार्चला जोराच्या वाऱ्याने एसेक्सचा एक नांगरदोर तुटला. पोर्टर यांनी शिडे उभारून निसटण्याचा निर्णय घेतला. बंदराबाहेर पडताना वाऱ्याच्या एका झोताने मुख्य डोलकाठीचा वरचा भाग मोडून समुद्रात नेला. परत फिरून मूळ जागी पोहोचणे अशक्य झाले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या एका लहान आखातात त्यांनी नांगर टाकला. दुपारी चारच्या सुमारास दोन्ही ब्रिटिश जहाजे तिथे आली. तटस्थतेचा मान या वेळी कुणी राखला नाही.

१७/
फीबी एसेक्सच्या पिछाडीकडे, कॅरोनेडचे गोळे पोहोचणार नाहीत अशा बेताने उभे राहिले. त्याच्या मुख्य डेकवर २६ लांब अठरा पौंडी तोफा होत्या. एका बाजूच्या तेरा तोफा गुणिले अठरा, म्हणजे २३४ पौंड. एसेक्सच्या ६७६ पौंडांपैकी तिथवर पोहोचू शकत होते ते तीन बारा पौंडी तोफांचे ३६ पौंड. बंदरातल्या भेटीपासून दोन्ही जहाजांच्या तोफा त्याच होत्या. फरक फक्त मधल्या पाण्याचा होता.

१८/
त्या तीन तोफा माणसांनी ओढून पिछाडीच्या खिडक्यांत आणल्या आणि त्यांनी असा मारा केला की अर्ध्या तासाने दोन्ही ब्रिटिश जहाजांना दुरुस्तीसाठी मागे हटावे लागले. खेळातल्या तक्त्यात या तोफा सर्वांत हलक्या, जागा अडवणाऱ्या वाटल्या असत्या. जहाजाला त्या दिवशी आधार दिला तो त्यांनीच.

१९/
फीबी पुन्हा आले आणि पुन्हा दूरच थांबले. पोर्टर यांनी दोर तोडून, उरलेल्या शिडाच्या बळावर शत्रूला भिडण्याचा प्रयत्न केला. थोडा वेळ कॅरोनेडच्या टप्प्यात लढाई झालीही. पण अंतर किती असावे हे ठरवण्याची शक्ती धड डोलकाठ्या असलेल्या जहाजाकडे होती, आणि हिलयार शांतपणे दूर सरकले. पोर्टर यांच्या वृत्तांतानुसार एका तोफेवर तीनदा नवी माणसे उभी करावी लागली आणि त्या एकाच तोफेपाशी पंधरा जण पडले.

२०/
जहाजावर डेव्हिड फॅरागट नावाचा बारा वर्षांचा मिडशिपमन होता. निरोप पोहोचवणे, दारू आणून देणे, तोफेवर हात लावणे अशी पडेल ती कामे तो त्या संध्याकाळी करत होता. अर्धशतकानंतर तो अमेरिकन नौदलाचा पहिला ॲडमिरल झाला. त्याच्या वयाची मुले आज हेच युद्ध पडद्यावर खेळतात, ही तुलना त्या तरुणाला वाचताना टाळता आली नाही.

२१/
सुमारे अडीच तासांनी निशाण उतरले. एसेक्सवरच्या २५५ जणांपैकी ५८ ठार झाले आणि ३१ बुडाले. साठाहून अधिक जखमी होते. दोन्ही ब्रिटिश जहाजांवर मिळून ५ ठार आणि १० जखमी. ब्रॉडसाइडच्या बेरजेत एसेक्स एकट्या फीबीपेक्षा वरचढ होते, हे लक्षात ठेवून हे आकडे पुन्हा वाचावेत.

२२/
न्यायाने सांगायचे तर सारा दोष कॅरोनेडचा नव्हता. डोलकाठी मोडली नसती तर एसेक्सने अंतर स्वतः निवडले असते. शत्रूची जहाजे दोन होती. कॅरोनेड ही वाईट तोफ नव्हती, आणि चेरबवरही बहुतांश त्याच होत्या. चूक वेगळी होती. जवळ जाता येईल हे गृहीत धरून सगळे वजन एकाच रकान्यात ओतले गेले. ते गृहीतक ज्यांनी धरले ते किनाऱ्यावर होते, आणि ते चुकल्याचे मोल डेकवरच्या माणसांनी दिले. तसे होऊ शकते हे सांगणारे पत्र तीन वर्षे आधी लिहिले गेले होते.

२३/
याच युद्धाच्या शेवटी घडलेल्या आणखी एका प्रसंगाचा धागा थेट मुंबईला येतो. एप्रिल १८१५च्या अखेरीस ‘हॉर्नेट’ या छोट्या अमेरिकन जहाजाने दक्षिणेच्या समुद्रात एक मोठे जहाज पाहिले. मालाने लादलेले व्यापारी जहाज समजून ते जवळ गेले, तो ते ७४ तोफांचे ब्रिटिश युद्धजहाज ‘कॉर्नवॉलिस’ निघाले. हे जहाज १८१३ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधले होते. पुढे १८४२ साली नानकिंगचा तह याच जहाजावर झाला.

२४/
हॉर्नेटवर अठरा बत्तीस पौंडी कॅरोनेड होत्या. त्यांचा येथे काहीही उपयोग नव्हता. उलट प्रत्येक तोफ जहाजाला मागे खेचत होती. कप्तान जेम्स बिडल यांनी नांगर, दोर, होड्या, गोळे आणि शेवटी एक सोडून सगळ्या तोफा समुद्रात फेकायला लावल्या. पाठलाग दिवस-रात्र चालला. कॉर्नवॉलिसचे गोळे आसपास पडत राहिले. अखेर वारा अनुकूल झाला आणि हलके झालेले हॉर्नेट निसटले. वजनाच्या रकान्यात जवळजवळ शून्य उरलेले जहाज जूनमध्ये ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात सुखरूप पोहोचले.

२५/
युद्ध त्यापूर्वीच संपले होते. तहावर सह्या १८१४च्या डिसेंबरात झाल्या आणि फेब्रुवारीत तो लागू झाला. हॉर्नेटला ते साल्वादोरला कळले. बिडल यांनी ज्या शत्रूपासून पळण्यासाठी आपली शस्त्रे बुडवली, तो कायद्याने शत्रू उरला नव्हता. पण गोळे खरे होते, आणि जहाजावरची माणसेही.

२६/
मग खेळांनी गोळ्याचे वजन दाखवू नये काय? तसे नाही. तो आकडा खरा आणि उपयुक्त आहे. वॉर थंडरसारख्या खेळात गोळ्याच्या माहितीपत्रकावर वस्तुमानाच्या जोडीला वेग असतो, आणि कोणत्या अंतरावर, कोणत्या कोनात किती जाडीचे चिलखत भेदले जाईल याचे कोष्टकही असते. असे कोष्टक वाचणारा खेळाडू एसेक्स सज्ज करणाऱ्या कचेरीपेक्षा एक पाऊल पुढे असतो. दारू किती, वारा कुणाचा, डोलकाठी धड आहे का आणि अंतर कोण ठरवणार, हे प्रश्न मात्र त्याला स्वतःच विचारावे लागतात.

२७/
सोमवारी सकाळी तो तरुण नेहमीप्रमाणे शहीद भगतसिंग मार्गाने कार्यालयात निघाला. वाटेत नौदल गोदीचे लायन गेट लागते. रोज तो त्याकडे न पाहता पुढे जाई. त्या दिवशी जागरणाने जड झालेल्या डोळ्यांनी तो क्षणभर थांबला. आतले काही दिसत नाही, दिसण्याची परवानगीही नाही. कॉर्नवॉलिस याच गोदीतून पाण्यात उतरले, एवढे त्याला आता ठाऊक होते.

२८/
रात्री त्याने जहाज पुन्हा सज्ज केले. कॅरोनेड सगळ्या काढल्या नाहीत. वरच्या डेकवर राहू दिल्या. मुख्य डेकवर लांब अठरा पौंडी तोफा बसवल्या. ब्रॉडसाइडची बेरीज बरीच खाली आली, तिकडे त्याने पाहिले आणि पुढे गेला. डाव सुरू होण्यापूर्वी जहाजाला नाव द्यायचे असते. त्याने ‘एसेक्स’ असे नाव दिले.

थ्रेड समाप्त.